बाबांच्या वहीतली एकच ओळ

2025 च्या मार्चमध्ये आई-बाबांना युरोपला न्यायचं मी ठरवलं. त्यानंतर एका रविवारी पुण्याहून कोल्हापूरला गेले आणि लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. पंधरा दिवस रात्री बसून मी तक्ता केला होता. चार देश, बारा दिवस, एकेचाळीस ठिकाणं. बाबांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी अंदाजपत्रकं तपासण्यात गेलेली, त्यामुळे एकही ओळ सोडली नाही. मग म्हणाले, "यातलं तुला स्वतःला काय बघायचंय गं?"

मला सांगता येईना. एकेचाळीस ठिकाणं मी वेगवेगळ्या सहलींच्या कार्यक्रमांतून गोळा केली होती. त्यातली निम्मी तर केवळ सगळे जातात म्हणून आली होती. आईने मध्यम मार्ग काढला. तिघांना तीन वह्या दिल्या आणि म्हणाली, "रात्री ज्याने त्याने आपापलं लिहायचं. तीनच ओळी. मोबाइल बघायचा नाही, मनात आहे तेवढंच."

सकाळी चहाच्या वेळी वह्या उघडल्या. आई चित्रकला शिक्षिका होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात तिची तीस वर्षं गेली. तिने लिहिलं होतं: लिओनार्दोचं 'लास्ट सपर', मायकेलअँजेलोचा डेव्हिड, सिस्टीन चॅपेलचं छत. माझ्या ओळी होत्या: कोलोसियम, रोमच्या बोर्गीस गॅलरीतलं बर्निनीचं 'अपोलो आणि डॅफ्ने' हे शिल्प, आणि कुठेही जायचं नाही अशी एक संध्याकाळ. बाबांच्या वहीत एकच ओळ होती. "राजाराम महाराजांची छत्री, फ्लॉरेन्स."

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट कुठून तरी ऐकून माहीत असते. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे राजाराम, 1870 साली इंग्लंड आणि युरोपच्या प्रवासाला गेले. परतताना फ्लॉरेन्समध्ये आजार बळावला आणि 30 नोव्हेंबरला तिथेच त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि दहनाची तिथे रीत नव्हती. खास परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर रात्री अग्नी दिला गेला. 1874 मध्ये तिथे त्यांच्या स्मरणार्थ छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याने बांधलेला. महाराजांनी त्या प्रवासात रोजनिशी लिहिली होती आणि ती 1872 मध्ये छापली गेली. म्हणजे आमच्या गावचा एक तरुण दीडशे वर्षांपूर्वी युरोप बघायला गेला होता, काय पाहिलं ते रोज लिहीत होता, आणि परत आला नाही. बाबांना तिथे जायचं होतं.

सात ओळी, आणि साती इटलीत. तक्त्यातले बाकीचे तीन देश मी त्याच सकाळी काढून टाकले. पॅरिस काढताना जीवावर आलं, हे खरं. पण सत्तरीच्या दोन माणसांना घेऊन दर दोन दिवसांनी सामान भरायचं, सीमा ओलांडायच्या, नव्या गावात हॉटेल शोधायचं, हे मला नको होतं. एकच देश ठरवल्याचा आणखी एक फायदा नंतर कळला. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात मुक्काम जास्त त्या देशाकडे करायचा असतो. आमच्यापुढे तो प्रश्नच उरला नाही.

तारखा ठरवायला बसलो. मी सप्टेंबरचा शेवट म्हटलं. आईने कालनिर्णय काढलं. "22 ला घट बसतात. नवरात्रात घराला कुलूप लावून मी कुठेही येणार नाही." मी वाद घातला नाही, कारण अंबाबाईच्या गावात तो वाद होत नाही. त्याआधी गणपती-गौरी, मग पितृपक्ष. दसरा 2 ऑक्टोबरला, वसुबारस 17 ला. मधले पंधरवडाभर दिवस आमचे. हवा बरी, उन्हाळी गर्दी ओसरलेली. पण 2025 हे कॅथलिक पंथीयांचं ज्युबिली वर्ष होतं. हा सोहळा पंचवीस वर्षांनी येतो, आणि रोममध्ये जगभरातून यात्रेकरू येत होते. वारीच्या दिवसांत पंढरपूरला जागा शोधावी तशी रोमची गत असणार, हे धरून चालायचं होतं.

इथून पुढे मी ज्या क्रमाने गेले तो क्रम मला अजूनही बरोबर वाटतो. बहुतेक लोक आधी विमान काढतात, मग हॉटेल, आणि बघायच्या जागांची तिकिटं शेवटी. मी उलटं केलं. सात ओळींपैकी सर्वात अरुंद दार कोणतं, ते आधी शोधलं. ते होतं 'लास्ट सपर'चं.

हे चित्र मिलानमध्ये सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या चर्चला लागून असलेल्या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे. हवेतली धूळ आणि दमट श्वास यांनी त्याला इजा होते, म्हणून एका वेळी मोजकेच लोक आत सोडतात आणि पंधरा मिनिटांनी बाहेर काढतात. सोमवारी बंद. तीन-तीन महिन्यांची तिकिटं एकदम विक्रीला येतात आणि ती तारीख आधी जाहीर होते. मी ती जूनमध्ये कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवली. इटलीतले दुपारचे बारा म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेतीन. ऑफिसमधून अर्धी रजा टाकली. तिघांचे पासपोर्ट उघडून समोर ठेवले आणि बसले. आमच्या पंधरवड्यातले बरेचसे दिवस डोळ्यांदेखत भरत गेले. तिघांना एकत्र जागा मिळाली ती बुधवार 15 ऑक्टोबरची, सकाळची. आईला फोन केला तर पलीकडून काही ऐकू येईना. मग म्हणाली, "पंधरा मिनिटं पुष्कळ झाली."

ती एक वेळ पक्की झाल्यावर बाकी सगळं तिच्या मागे रांगेने लागलं. 15 ला सकाळी मिलान, म्हणजे 14 ला मुक्काम तिथे हवा. मग परतीचं विमान 16 चं, मिलानहून. वसुबारसेला आई घरी. जाताना रोमला उतरायचं, म्हणजे मागे फिरायला नको. रोम, फ्लॉरेन्स, मिलान, खालून वर. विमानाची तिकिटं मी यानंतर काढली.

व्हिसाचा धोका होताच. संग्रहालयाची तिकिटं परत होत नाहीत आणि व्हिसा मिळेलच याची हमी नसते. मी असं केलं: परत न होणारं फक्त 'लास्ट सपर' घेतलं, कारण ते थांबणार नव्हतं. हॉटेलं सगळी रद्द करता येणारी. बाकी तिकिटं व्हिसा हातात आल्यावर. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण अपॉइंटमेंटच मिळायला वेळ जातो. आम्ही जुलैत भरला. मोठ्या माणसांची फी माणशी 90 युरो, वर व्हिसा केंद्राचा आकार. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा. बँकेची स्टेटमेंटं, पेन्शनचे कागद, कोणत्या दिवशी कुठे मुक्काम याचा तपशील. बाबांनी सगळ्या कागदांना क्रमांक घालून अनुक्रमणिका जोडली. काउंटरवरच्या मुलीने ती पाहिली आणि हसून "थँक यू काका" म्हणाली.

नावांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे हा घोळ हमखास होतो. कोलोसियमची तिकिटं नावानिशी असतात आणि प्रवेशाला ओळखपत्राशी ताडून बघतात. 'लास्ट सपर'लाही नावं द्यावी लागतात. आपल्या पासपोर्टमध्ये पहिल्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. आईच्या नावात बाबांचं आहे. रोज वापरतो तसं सुटसुटीत नाव टाकायचा मोह होतो. मी पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न अक्षर, सगळीकडे टाकलं. बाबांनी ते दुसऱ्यांदा तपासलं.

कोलोसियमची तिकिटं तीस दिवस आधी सुटतात. आम्हाला 7 ऑक्टोबर हवी होती, म्हणजे 7 सप्टेंबरला बसायचं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि मी कोल्हापूरलाच होते. आमच्याकडे विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी उतरते. बाहेर ढोल चालू, खिडक्या थरथरतायत, आणि मी लॅपटॉपवर जवळजवळ दोन हजार वर्षं जुन्या आखाड्याची वेळ निवडतेय. सकाळचा पहिला प्रहर घेतला.

तिकिटं घेताना फ्लॉरेन्समधली एक चूक पुढे आली. मी तिथे शनिवार ते मंगळवार मुक्काम धरला होता आणि सोमवारी आईसाठी अकादमिया, म्हणजे डेव्हिड, आणि त्याच दिवशी उफिझी असं लिहून ठेवलं होतं. तारीख निवडायला गेले तर 13 ऑक्टोबर करड्या रंगात. दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. बोर्गीस गॅलरीही सोमवारी बंद असते. व्हॅटिकनची संग्रहालयं मात्र सोमवारी उघडी आणि रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. पॅरिसला गेलो असतो तर लूव्र मंगळवारी बंद. युरोपात साप्ताहिक सुट्टी हीच नियोजनाची पहिली पायरी आहे, आणि ती मी सगळ्यात शेवटी पाहिली होती. नशिबाने फ्लॉरेन्सचं तेव्हा काहीच विकत घेतलेलं नव्हतं. डेव्हिड रविवारी गेला, उफिझी मंगळवारी सकाळी. सोमवार रिकामा राहिला.

आणि मग लक्षात आलं की छत्रीला दारच नाही. ती उघड्या बागेत आहे. तिला तिकीट नाही, वेळ नाही, सुट्टी नाही. सोमवार बाबांचा झाला.

तिकीट नाही म्हणून तयारी कमी होती असं मात्र नाही. उलट मी सर्वात जास्त वेळ त्याच जागेवर घालवला. काशिने ही बाग आर्नो नदीच्या काठाने तीन किलोमीटरहून जास्त लांब पसरलेली आहे आणि छत्री तिच्या पार पश्चिमेच्या टोकाला. ट्राम बागेच्या शहराकडच्या भागात सोडते, तिथून पुढे चालायचं. बाबांच्या गुडघ्यांना एकदा जाणं जमलं असतं, येणं नाही. मी उपग्रह नकाशावर रस्ता बघत बसले, बाकं कुठे आहेत ते शोधलं. शेवटी जाताना-येताना टॅक्सी ठरवली, आणि परतीला टॅक्सी बोलवायची कशी, हेही हॉटेलला आधी विचारून ठेवलं.

दिवसांचा नियम आम्ही तिघांनी मिळून केला. दिवसाला ठरवलेली वेळ एकच, तीही सकाळी. दुपारी खोलीवर पडायचं. संध्याकाळ मोकळी. तिन्ही गावांत स्वयंपाकघर असलेली जागा घेतली. आईने थालिपीठाची भाजणी आणि मेतकूट नेलं, त्यामुळे पोटाची काळजी मिटली.

रोमबद्दल थोडक्यात सांगते. 5 ऑक्टोबरला उतरलो, तो महिन्याचा पहिला रविवार. त्या दिवशी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, म्हणून गर्दी उसळते. आम्ही मुद्दाम काहीच ठेवलं नव्हतं. रस्त्यारस्त्यावर अखंड वाहणारे लोखंडी नळ असतात, त्यांचं थंडगार पाणी पीत फिरलो. कोलोसियम सकाळी पाहिलं, उन्हं चढायच्या आत. व्हॅटिकनमध्ये चालणं फार आहे. लांबच लांब दालनं ओलांडल्यावर शेवटी सिस्टीन चॅपेल येतं. आईला मी आधीच सांगितलं होतं की मधलं सगळं डोळे भरून बघायचा प्रयत्न करू नकोस, मान शिल्लक ठेव. आत फोटोला बंदी आहे आणि बोलायलाही. भिंतीच्या कडेला बाकावर जागा मिळाली आणि आई अर्धा तास वर बघत बसली. बोर्गीसमध्ये दोन तासांची वेळ असते, आधी ठरवल्याशिवाय आत घेत नाहीत. अपोलोपासून पळताना झाड होत जाणाऱ्या डॅफ्नेची बोटं जिथे पानं होतात तिथला संगमरवर इतका पातळ आहे की मी त्याच्याभोवती चार-पाच वेळा फिरले. दोन तासांतला अर्धा वेळ त्या एका शिल्पापाशी गेला आणि मला तो तसाच जायला हवा होता.

मोकळ्या संध्याकाळी जे मिळालं ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं. पँथिऑनपासून थोडं चालून सान लुइजी देई फ्रांचेझी चर्च लागलं. प्रवेश मोफत, आणि आत काराव्हाज्जोची सेंट मॅथ्यूवरची तीन मोठी चित्रं. ज्या भिंतीसाठी ती केली, त्याच भिंतीवर ती आजही आहेत. आई प्रकाश कुठून पडतो ते बोटाने दाखवत होती, वर्गात दाखवायची तसं. फक्त एक ध्यानात ठेवावं लागतं, की अशी चर्च दुपारी बंद होतात.

फ्लॉरेन्सला रविवारी डेव्हिड पाहिला. आईने आयुष्यभर छापील चित्रातून शिकवलेला तो पाच मीटरहून उंच पुतळा. ती मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "पाठ कधीच कुणी छापत नाही," म्हणाली.

सोमवारी बाबा पहाटेच उठले. पांढरा सदरा घातला, जो एरवी ते दसऱ्याला घालतात. टॅक्सीवाल्याला मी नकाशा दाखवणार तोच तो "इंदियानो" म्हणाला आणि निघाला. त्या जागेला तिथे याच नावाने ओळखतात. शेजारून आर्नो ओलांडणारा 1978 चा पूल आहे, त्याचंही नाव पोंते आल्ल'इंदियानो, भारतीयाचा पूल. सकाळी बागेत कुत्री फिरवणारी दोन-चार माणसं आणि एक धावणारा मुलगा, एवढेच लोक होते. झाडांची पानं पिवळी व्हायला लागलेली. आणि त्या इटालियन झाडांमध्ये छत्री. आपल्याकडच्या घाटावर असावी तशीच, खांब, वर घुमट, आत महाराजांचा अर्धपुतळा. डोक्यावर पगडी, गळ्यात अलंकार. चेहरा मुलाचा. मी फोटो पाहिले होते, तरी तो इतका लहान दिसेल असं वाटलं नव्हतं.

बाबांनी बूट काढले. खिशातून डायरी काढली आणि तिच्यात दाबून सुकवलेलं आपट्याचं एक पान. अकरा दिवसांपूर्वी दसरा चौकात छत्रपतींच्या शमीपूजनानंतर सोनं लुटलं जातं, त्या गर्दीतून त्यांनी ते आणलं होतं. आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. ते पान पायथ्याशी ठेवून ते हात जोडून उभे राहिले. "महाराज, कोल्हापूरहून आलोय," एवढं म्हणाले. आईने डोळे पुसले. मीही.

नंतर आम्ही पुढे संगमावर गेलो. मुन्योने अगदी लहान आहे, ओढ्याएवढी. बाबा पाण्याकडे बघत खूप वेळ बसले. प्रयाग चिखलीच्या संगमावर ते आजोबांच्या अस्थी घेऊन गेले होते ते सांगितलं, त्या वेळी पंचगंगेला किती पाणी होतं तेही. त्या रात्री इथे लाकडं कुणी आणली असतील, मंत्र कुणी म्हटले असतील, बरोबरची माणसं पुढे घरी जाईपर्यंत काय बोलली असतील, असं एकेक विचारत होते. माझ्याकडे उत्तरं नव्हती. पुढे कुठे पोचायचं नव्हतं, म्हणून आम्ही तिथे दुपारपर्यंत बसलो. एकेचाळीस ठिकाणांचा तो तक्ता तसाच राहिला असता, तर इथे आम्ही दहा मिनिटांत आटोपलं असतं, किंवा आलोच नसतो.

मंगळवारी उफिझी करून वेगवान गाडीने दोन तासांत मिलानला पोचलो. बुधवारी सकाळी अर्धा तास आधीच मठाच्या दाराशी हजर. पासपोर्ट आणि तिकिटांवरची नावं ताडून पाहिली, जुळली. मग एकामागून एक काचेची दारं. पहिलं मागे बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही, बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणून. शेवटचं उघडलं आणि उजव्या भिंतीवर ते होतं. फिकट, जागोजागी पुसलेलं, आणि मी समजत होते त्याहून कितीतरी मोठं.

आईने मला आदल्या रात्रीच समजावून सांगितलं होतं. भित्तिचित्र खरं तर ओल्या गिलाव्यावर, तो सुकायच्या आत, भराभर करायचं असतं. रंग भिंतीतच मुरतो. लिओनार्दोला तशी घाई नको होती. त्याला थांबून, बघून, पुन्हा हात फिरवायचा होता, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं, आणि रंग त्याच्या हयातीतच सुटायला लागला. 1943 च्या बॉम्बहल्ल्यात भोजनगृहाची बाजूची भिंत कोसळली. चित्राची भिंत वाळूच्या पोत्यांआड तगली. शेवटची दुरुस्ती वीस वर्षं चालली, ती 1999 मध्ये संपली.

आई आधी लांब उभी राहिली, मग मध्ये, मग कठड्यापाशी. तिने फोटो काढला नाही. हात हवेत हलत होता. येशूच्या उजव्या कानशिलाजवळ सगळ्या रेषा कशा येऊन मिळतात ते ती स्वतःशीच मोजत होती. बाबा घड्याळ बघत होते, तिच्यासाठी. दहा मिनिटं झाल्यावर ती एकदम वळली आणि समोरच्या भिंतीकडे गेली. तिथे मोंतोर्फानोने 1495 मध्ये ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं क्रूसाचं मोठं चित्र आहे. त्याचे रंग अजून ठसठशीत आहेत, आणि त्याच्यापुढे जवळजवळ कुणीच नव्हतं.

"हा बघ," मला जवळ ओढून ती हळूच म्हणाली, "हा नियमाने वागला."

आणि उरलेल्या पाच मिनिटांसाठी पुन्हा लिओनार्दोकडे गेली.